मधल्या खोलीतलं बोलणं

मिठागरावर पंप आला आणि घरातली संध्याकाळ गेली.

पंप शेजारच्या मिठागरवाल्याचा होता. दिवसभर तो त्याच्या वाफ्यांना पाणी द्यायचा आणि ऊन कललं की या घराच्या बांधावर यायचा. निघालेल्या मिठातला वाटा शेजाऱ्याला द्यायचा, असं तोंडी ठरलं होतं.

पंप घ्यावा लागला तो पावसामुळे. अवेळी आला, दुपारभर पडला आणि पांढरे होऊ लागलेले वाफे गढूळ करून गेला. साचलेलं मीठ विरघळलं. नवरा-बायकोने वाफे उपसून काढले आणि तळ पुन्हा तुडवायला घेतला. तळ तुडवायचा तो अनवाणी, टाच दाबत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मागे खळगा राहू न देता. खाऱ्या चिखलात टाचांच्या भेगा उघडतात आणि त्यांत मीठ शिरतं. पहिले दोन दिवस माणूस ओरडतो, मग ओरडायचं सोडून देतो.

"मोठ्या भरतीची वाट बघत बसलो तर हंगाम हातचा जाईल," नवरा म्हणाला. "खाडीतलं पाणी ओढून घ्यायचं. रात्रभर गाळ खाली बसतो, सकाळी उन्हाला वाफे तयार."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. तेव्हापासून त्याचं सगळंच म्हणणं बरोबर असायचं, आणि सूनबाईला त्याचीच भीती वाटायची.

तिला सगळी वस्ती सूनबाई म्हणायची. लग्न होऊन आली त्या दिवशी सासऱ्यांनी ती हाक मारली आणि चिकटली. आता दूध घालणाराही सूनबाईच म्हणायचा. सासरे म्हणजे आबा. पावसाच्या थोडेच दिवस आधी ते तापाने गेले. जाण्यापूर्वी एका सकाळी त्यांनी तिला जवळ बोलावलं होतं. मुलाला नाही, बायकोला नाही, तिला.

"संध्याकाळ मोडू देऊ नकोस," ते म्हणाले होते. "पोरगी लहान आहे. डोळ्यांना दिसेल तेच शिकेल. तिच्या हातून प्रभू सुटला तर मग ह्या मिठागराचं काय करायचंय?"

"नाही मोडणार, आबा," ती म्हणाली होती.

संध्याकाळ म्हणजे प्रार्थना. आबांचे गुडघे जन्मभराच्या खाऱ्या पाण्याने कामातून गेले होते, त्यांना खाली बसता येत नसे. मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून त्यांची हातांची खुर्ची असायची आणि तिच्यासमोर चटई. दिवा लावायच्या वेळेला आबा दाराच्या चौकटीवर बोटाने ठोकायचे. हातातलं टाकून सगळे यायचे. मुलगा पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा. मग सगळ्यांनी खुर्चीकडे तोंड करून डोळे मिटायचे आणि एकेकाने आपलं बोलायचं. आधी मुलगा, मग सूनबाई, मग सासू, शेवटी सूनबाईची पोरगी, बारकी. आबा स्वतः मोठ्याने काही मागत नसत. सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, जरा वेळ गप्प बसायचे आणि मग भरल्या आवाजात "आमेन" म्हणायचे. तोपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत, असा त्या घरचा नेम होता.

शेजारचा मिठागरवाला टक्कल पडलेला, तोंडाळ माणूस. तो म्हणायचा, "आबा, तुम्ही तर देवाच्या कचेरीतले साहेब. अर्ज सगळ्यांचे आणि सही तुमची!" आबांना हसता हसता ठसका लागायचा.

पंप आला त्या दिवशी नवरा म्हणाला, "पाइपाच्या तोंडाशी शेवाळ अडकतं. कुणीतरी तिथं पाहिजे. पंप बंद झाल्यावर बसू प्रार्थनेला."

पंप बंद झाला तेव्हा बारकी झोपून गेली होती. तिघंच बसली. नवऱ्याने वाचायला घेतलं आणि ओळीच्या मध्येच त्याची मान पडली. सासूने त्याच्या हातातलं पुस्तक हळूच काढून घेतलं.

पुढे पुढे ताटावर बसल्यावरच दोन शब्द म्हणून घ्यायचं ठरलं. खरं तर ठरलंही नाही, होत गेलं. नवरा ताटावर हात धरून काहीतरी पुटपुटायचा, बाकीच्यांनी माना खाली घालायच्या. मग एके दिवशी पहिला घास तोंडात गेल्यावर त्याला आठवण झाली. तो चावायचा थांबला, सगळ्यांकडे बघून ओशाळा हसला आणि म्हणाला, "देव समजून घेतो."

"घेतो की," सूनबाई म्हणाली. तीही दमलेली होती.

रविवारचंही तसंच झालं. एका रविवारी आभाळ भरून आलं म्हणून वाफ्यातलं मीठ ओढून घ्यावं लागलं, चर्चला जाणं राहिलं. पुढच्या रविवारी व्यापाऱ्याचा ट्रक येणार होता. आला तो उन्हं चढल्यावर. व्यापाऱ्याचा माणूस उतरला. राशीतला एक खडा उचलून त्याने जिभेला लावला आणि बाजूला थुंकला.

"हे मीठ आहे की भिंतीचा गिलावा?"

"पाऊस झाला ना, साहेब. तळाची माती थोडी आली," नवरा म्हणाला.

"थोडी? घरी बायको मला भाजीत घालू देईल हे? आधी मला घराबाहेर काढेल."

नवरा त्याच्याबरोबर हसला. लाचार, ओठांपुरतं हसणं. आबांच्या वेळी तो असा हसत नसे. ट्रक रिकामा गेला. उरलेला दिवस दोघांनी, मीठ विरघळू नये म्हणून घट्ट खाऱ्या पाण्यात, मीठ धुण्यात घालवला. टोपली बुडवायची, हलवायची, निथळू द्यायची, पुन्हा बुडवायची. सूनबाईच्या बोटांची सालं निघाली. तिने तक्रार केली नाही. तिला फक्त एवढंच जाणवलं, की आज रविवार आहे हे दिवसभरात एकदाही कुणी बोललं नाही.

आपणच का नाही बोलावत, असं ती स्वतःला विचारायची. पण घरात कर्ता माणूस आहे, त्याने बोलवायचं, आपण कसं बोलवायचं? सासूला वाटायचं, मुलगा आणि सून दमून येतात, त्यांना आपण काय सांगायचं. नवऱ्याच्या मनात काय होतं ते तो बोलत नव्हता. पण पंपाचा जादा पट्टा आणि पाना ठेवायला त्याला कपाटातलाच खण सापडला होता, आणि पवित्र शास्त्र त्याच खणात होतं. सूनबाईने एकदा कपाट उघडलं तर पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पान्याच्या तेलाचा डाग पडला होता. तिने पदराने पुसला. तो पसरला.

मधली खोली आता कुणी वापरत नव्हतं. खुर्ची भिंतीशी होती, चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती.

आधी तिला खुर्ची दिसली. घरभर धुळीचा थर होता. वाऱ्याबरोबर मिठाचा भुगा आत यायचा, आरशावर बसायचा, भांड्यांवर बसायचा. हंगामात झाडायला वेळ कुणाला होता? पण खुर्ची स्वच्छ होती. दोन्ही हात आणि बैठक, कुणीतरी नुकतीच पुसल्यासारखी.

"आई, खुर्ची तुम्ही पुसता का?" तिने सासूला विचारलं.

सासूला जरा कमी ऐकू यायचं, आणि नको तिथे अजूनच कमी. "काय पुसू?" ती म्हणाली. "माझे गुडघे पुस आधी."

मग चटई. सूनबाईची गुंडाळायची पद्धत घट्ट होती, कडा जुळवून. आता ती सैल गुंडाळलेली असायची, एक टोक बाहेर लोंबत. तिने पुन्हा नीट केली. दुसऱ्या दिवशी टोक पुन्हा बाहेर आलं होतं.

आणि एका संध्याकाळी बांधावरून तिने घराकडे पाहिलं तर मधल्या खोलीच्या खिडकीत उजेड होता. पंप धडधडत होता. पायांखालचा बांध त्या धडधडीने हलत होता. नवरा पाइपाच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात वाकून शेवाळ उपसत होता. सासू मागच्या अंगणात बसली असणार. बारकी नेहमीसारखी शेजाऱ्यांकडे टीव्ही बघायला गेली असणार. मग आत कोण?

ती फावडं टाकून निघाली. वाफ्यांच्या अरुंद कडांवरून पळता येत नाही, पाय घसरला तर दिवसाचं मीठ जातं. ती घरात पोहोचली तोवर पंप बंद झाला होता आणि खोली अंधारी होती. तिने दिवा लावला. खुर्ची. चटई. एक टोक लोंबणारं.

अंगणात सासू पायांवर पदर घेऊन बसली होती.

"आई, मधल्या खोलीत दिवा कुणी लावला होता?"

सासूने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"ज्याला लागतो त्याने लावला असेल," ती म्हणाली.



नवऱ्याला तिने जेवताना सांगितलं. तो भाकरीचा तुकडा तसाच धरून म्हणाला, "वायरिंग जुनं आहे. ओल आली की आपोआप लागतो कधी कधी."

"आणि आपोआप विझतोही?"

"अगं, तू दमली आहेस. मीही दमलोय. मला तर झोपेतही पंप ऐकू येतो." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "आबा येऊन दिवा लावायचे असते तर आधी वाफे तुडवून गेले असते. त्यांना बसून राहायचा कंटाळा होता."

विनोद होता, पण दोघंही हसली नाहीत. बारकी ताटात बोटाने रेघा ओढत होती. जेवत नव्हती.

"जेव गं," सूनबाई म्हणाली. "आबांना दिसतं सगळं वरून. काय म्हणतील?"

आबा गेल्यापासून हे वाक्य तिच्या तोंडात बसलं होतं. ते म्हटलं की पोरगी मुकाट्याने ऐकायची. आताही बारकीने घास घेतला. चावता चावता तिने विचारलं, "ऐकूपण येतं?"

"येतं. जेव."

मेलेलं माणूस खुर्चीत येऊन बसत नाही, हे सूनबाईला माहीत होतं. ती त्याच श्रद्धेत वाढली होती. आबा प्रभूजवळ आहेत, दफनाच्या वेळी पाळकांनी तसं सांगितलंही होतं. पण दिवस कलला आणि पंप सुरू झाला की त्या धडधडीखाली तिला कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. शब्द नाही, नुसता सूर. चढणारा, उतरणारा, मध्ये थांबणारा. सूर तिच्या ओळखीचा होता. हीच गोष्ट तिला सोसवत नव्हती. पंप बंद झाला की तो सूरही बंद व्हायचा. तिला वाटायचं, आपण शब्द दिला होता, आणि आबा आता दुसरं काही न बोलता रोज यायला लागले आहेत. रागावलेले असते तर बरं झालं असतं.

मधल्या दिवसांत पाळक आले. उन्हातून सायकल मारत आले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. सासूने त्यांना पाणी दिलं. नवरा वाफ्यातून तसाच आला आणि चिखलाचे पाय दाराबाहेर ठेवून उंबऱ्यावर बसला.

"बरेच रविवार दिसला नाहीत," पाळक म्हणाले. आवाजात टोचणी नव्हती.

"हंगाम आहे ना, पाळकसाहेब. पावसाने घोळ केला."

"हो, ऐकलं. सगळीकडेच नुकसान झालं." ते पाणी प्यायले. "घरची प्रार्थना चालू आहे ना? आबांची?"

नवऱ्याने टाचेचा चिखल नखाने खरवडला. "चालू आहे की."

पाळकांनी सूनबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली. नुसती मान. तोंडाने ती काही बोलली नाही, आणि आपण तोंडाने खोटं बोललो नाही असं तिने मनातल्या मनात धरूनही ठेवलं. सासू रिकामा पेला हातात फिरवत बसली होती.

"मी करते," बारकी म्हणाली.

"अरे वा! मग आत्ता करशील? सगळ्यांसाठी?"

"इथे नाही होत," बारकी म्हणाली. "आणि आता नाही. पंप लागतो."

पाळक मोठ्याने हसले. नवराही हसला. "हिच्या डोक्यात काय चालतं देवालाच ठाऊक," तो म्हणाला आणि पोरीच्या केसांतून हात फिरवला. पाळकांनीच मग उभं राहून छोटी प्रार्थना केली. सायकल बांधावरून दिसेनाशी होईपर्यंत सूनबाई दारात उभी होती. नवरा तिच्या शेजारून गेला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

पट्टा तुटला त्या दिवशी हवा कोंदट होती आणि समुद्राच्या बाजूला ढगांची काळी पट्टी धरली होती. शेजारी म्हणाला होता, "आज भरभरून पाणी घे. पुढचे दिवस मला पंप लागणार, तुला मिळायचा नाही." नवऱ्याने उन्हं असतानाच पंप चालू केला. सूनबाई राशीवर ताडपत्री ओढून तिच्या कडांवर दगड ठेवत होती. एकदम फटका ओढल्यासारखा आवाज झाला आणि पंप थांबला.

इतक्या दिवसांत त्या वेळेला अशी शांतता झाली नव्हती. कानांत नुसतं घुमत होतं. मग घुमणं विरलं, आणि घराकडून तो सूर ऐकू आला. या वेळी शब्दांसकट.

नवरा पाण्यातून वर आला होता. जादा पट्टा आणायला घराकडे निघाला होता, तो जागीच थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं, की त्यालाही ऐकू येतंय. आणि हेही कळलं, की तोही इतके दिवस ऐकत होता.

दोघं एकामागे एक कडेवरून चालत गेली. मधल्या खोलीच्या दाराबाहेर सासू जमिनीवर बसली होती, भिंतीला डोकं टेकून. तिने ओठांवर बोट ठेवलं.

आत दिवा लागला होता. चटई अंथरलेली होती. बारकी खुर्चीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली होती, डोळे घट्ट मिटून.

ती आवाज जाड काढून म्हणत होती, "प्रभू, आज ऊन दिलंस, आभार मानतो. वाफे धरू दे. वाईट बोललो असेन तर क्षमा कर. आबांचा ताप उतरू दे."

नवऱ्याने चौकट धरली. ते त्याचे शब्द होते. आबा असतानाच्या शेवटच्या संध्याकाळचे.

बारकी सरकली, चटईवर सूनबाईच्या जागेवर. "प्रभू, घरात शांती ठेव. माझी जीभ आवर. बारकीला चांगली बुद्धी दे. आबांचा ताप उतरू दे."

पुन्हा सरकली. आधी खोकली, आजी खोकते तशी. "प्रभू, मी काही मागत नाही. फक्त ह्यांच्या आधी मला ने."

बाहेर सासूने पदर तोंडात धरला.

मग बारकी आपल्या जागेवर आली आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, "माझं तेच. ताप उतरू दे. आणि बाबांना घरी पाठव. आई हल्ली हसत नाही, तिचंपण बघा. झालं."

ती थांबली. डोळे मिटलेलेच. 

"म्हणा ना," ती खुर्चीला म्हणाली. "सगळ्यांचं झालंय." पुन्हा थांबली. मग समजूत काढल्यासारखं म्हणाली, "आज पंप लवकर बंद झाला. मी डोळे उघडते हां. उद्या तरी म्हणा."

रोज ती पंप बंद होईपर्यंत तशी बसत होती. आमेन झाल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, हा नेम तिने मोडला नव्हता. आमेन मिळत नव्हता म्हणून पंपाचं थांबणं तिने सुटी मानलं होतं.

डोळे उघडल्यावर तिला दारात तिघं दिसली. ती दचकली नाही. "पट्टा तुटला?" तिने विचारलं.

सूनबाई आत जाऊन तिच्याजवळ बसली. "बारके, तू आबांशी बोलतेस?"

"म्हणजे?"

"प्रार्थना आबांना करतेस?"

"मग कुणाला?" बारकीला प्रश्नच कळला नाही. "सगळे आबांनाच करायचे ना. तिकडे तोंड करून."

"नाही गं, राणी. आबाही आपल्याबरोबरच प्रार्थना करायचे. प्रभू येशूला. आबा आपल्यासारखेच."

"आबा तर काहीच मागायचे नाहीत."



"मी पेन्सिल मागितली होती तर दुसऱ्या दिवशी आणली," बारकी म्हणाली. "आता काही मागितलं तरी होत नाही. आजी म्हणाली आबा वारले. तू म्हणालीस त्यांना ऐकू येतं. म्हणून मी करत राहिले. तुम्ही तर आबा वारले म्हणून बंद केलंत."

"त्यासाठी बंद नाही केलं," नवरा दारातून म्हणाला. 

बारकीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली, हिशेब जुळत नसल्यासारखी.

"प्रभू वारला नाही?"

"नाही," सूनबाई म्हणाली. "तो आहे. नेहमी असतो."

"मग तुम्ही त्याच्याशी बोलायचं का बंद केलंत?"

नवऱ्याने चौकटीवरचा हात काढला. चिखलाचा पंजा लाकडावर उमटला होता. "काम होतं, बाळा."

"आबांनापण होतं," बारकी म्हणाली. तक्रार म्हणून नाही, आठवण करून द्यावी तसं.

सूनबाई सासूकडे वळली. "आई, तुम्हाला माहीत होतं. रोज इथे बसत होतात. मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, आज बोलवाल, उद्या बोलवाल," सासू म्हणाली. "आणि खरं सांगू? तिच्या तोंडून मला ह्यांच्या दिवसांतलं सगळं ऐकायला मिळत होतं. मी रोज त्यासाठी बसायचे. प्रभूसाठी नाही बसले." ती उठायला लागली, तिला उठता येईना. मुलाने हात दिला.

तेवढ्यात बाहेरून शेजाऱ्याची हाक आली. "अरे ए! पट्टा आणतोस का विणायला बसलास? ढग बघ!"

नवरा कपाटापाशी गेला. खण उघडला. पट्टा काढला, त्याखालून पवित्र शास्त्र काढलं आणि दोन्ही हातांत दोन्ही धरून उभा राहिला.  मग तो दारात जाऊन म्हणाला, "घेऊन जा पंप. आज नको."

"डोकं फिरलं का? आज पाणी घेतलं नाहीस तर वाफे कोरडे पडतील. मी पुन्हा देणार नाही, सांगून ठेवतो."

"असू दे."

"असू दे तर असू दे!" शेजारी ओरडला. "उद्या माझ्या दारात येऊन रडू नकोस. तुमच्या घराण्यात एकटा म्हातारा शहाणा होता."

पट्टा ओसरीवर टाकून नवरा आत आला. चौघंही चटईवर बसली. आणि कुणालाच सुरुवात करता येईना.

"कुठे तोंड करायचं?" बारकीने विचारलं.

सूनबाई खुर्चीकडे बघत राहिली. मग तिने उठून ती भिंतीपासून ओढली आणि बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली. भिंतीवर खुर्चीच्या पाठीचा काळपट डाग होता. "कुठेही," ती म्हणाली.

नवऱ्याने पान उघडलं, वाचलं. आवाज घोगरा होता आणि सवय गेल्याचं दर ओळीला कळत होतं. त्याची पाळी आली तेव्हा तो "प्रभू" म्हणाला आणि पुढे काही बोलू शकला नाही.  सूनबाईची पाळी आली. घरात शांती ठेव, जीभ आवर, हे शब्द ओठांवर आले. ते तिने आत्ताच पोरीच्या तोंडून ऐकले होते. ते आता म्हणवेनात.

"प्रभू," ती म्हणाली, "मी विसरले नव्हते. रोज आठवत होतं. रोज उद्यावर टाकत होते."

याच्या पलीकडे काही सुचेना. न राहवून तिने डोळे किलकिले केले.

बारकी तिच्याकडे बघत होती. डोळे पूर्ण उघडे. रागावून नाही. व्यापाऱ्याच्या माणसाने खडा उचलून बघावा तसं ती एकेकाचं तोंड निरखत होती.

ढग त्या रात्री बरसले नाहीत. पण पाण्याशिवाय वाफे तडकले, आणि त्या फेरीचं मीठ गेलं ते गेलंच. शेजारी येता-जाता टोमणे मारत राहिला. "काय, आज वरून पाइप सोडला का?" नवरा ऐकून घ्यायचा. मोठी भरती येईपर्यंत तो तळ तुडवत राहिला, सूनबाई कडा लिंपत राहिली. ऊन कललं की तो बांधावरून उतरायचा. कधी चिखलाच्या पायांनीच यायचा. एक-दोनदा त्याला उशीर झाला तेव्हा सूनबाईनेच हाक मारली, आणि हाक मारताना तिला कुणी कर्ता आठवला नाही. प्रार्थना पूर्वीसारखी होत नव्हती. अडखळत होती, लांबत होती, कधी नुसतं गप्प बसून संपत होती. पण बसत होती चौघंही.

बारकी रोज यायची, आपल्या जागेवर बसायची. काही मागायला सांगितलं तर म्हणायची, "माझं नाही काही." आणि डोळे उघडे ठेवायची. सूनबाईने एकदा समजावून पाहिलं, एकदा रागावून पाहिलं. नवरा म्हणाला, "राहू दे. जबरदस्तीने मिटवलेले डोळे काय कामाचे?"

मीठ पुन्हा धरायला लागलं त्या रविवारी चौघं चर्चला गेली. आकाश स्वच्छ होतं, वाफ्यात ओढायला मीठ तयार होतं, आणि निघताना नवऱ्याने मागे वळून दोनदा पाहिलं. पण निघाला. चर्चमध्ये पाळकांनी त्यांना पाहून मान हलवली. गीत झालं, वाचन झालं. "आपण प्रार्थना करू या," पाळक म्हणाले, आणि सगळ्या माना खाली गेल्या.

प्रार्थना लांबली. आजाऱ्यांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी, पावसाने नुकसान झालेल्यांसाठी. सूनबाईला शेजारी हालचाल जाणवली, तिने क्षणभर डोळे किलकिले करून मिटले. बारकी बाकावर उभी राहिली होती आणि मागे वळून सगळ्या चर्चभर नजर फिरवत होती. मागच्या बाकावरच्या म्हातारीने डोळे उघडून तिला पाहिलं असावं, कारण तिची कुजबुज ऐकू आली.

"बाळ, खाली बस. डोळे मीट. काय बघतेस?"

"कोण उठून कामाला जातंय ते," बारकी म्हणाली.

सूनबाईने तिचा हात धरला. तो तिच्या मुठीत राहिला, सुटला नाही, पण त्याने तिचा हात उलट धरलाही नाही. सूनबाईने डोळे मिटलेलेच ठेवले. चेहऱ्यावर पोरीची नजर ऊन लागावं तशी लागत होती, आणि पाळकांची प्रार्थना अजून बरीच बाकी होती.